छापखान्यातला वर्म आणि काकांचा युक्तिवाद

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला काकांचा छोटा छापखाना आहे. पाच संगणक, त्यातला एक फ्लेक्सच्या मशीनला जोडलेला. विंडोजपासून डिझाइनपर्यंत सगळी सॉफ्टवेअर क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट चालवलेली. महिनाभरापासून गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह इथे लागले की आतले फोल्डर शॉर्टकट होऊन परत जातात, आणि आता गिऱ्हाईक ओरडायला लागलं आहे. पुतण्या म्हणतो, आता तरी सॉफ्टवेअर विकत घेऊ. काका म्हणतात, व्हायरस कंपन्याच सोडतात, म्हणजे आपण घाबरून विकत घ्यावं. आणि ज्यांनी एका क्लिकचं पेटंट काढलं ते आपल्याला चोर म्हणणार? पुतण्या विचारतो, काकांना काय उत्तर देऊ?

पंचवीसेक वर्षं मी इंदूरमध्ये छोट्या ऑफिसांचे, दवाखान्यांचे, छापखान्यांचे संगणक सांभाळतो. काकांसारखी माणसं मला चांगली माहीत आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर असतं. म्हणूनच त्यांना पटवणं अवघड जातं. पण वाद नंतर, आधी पेनड्राइव्ह.

फोल्डर गेलेले नाहीत. हा वर्म, म्हणजे स्वतःच्या कॉपी काढत आपोआप पसरणारा व्हायरस, मूळ फोल्डरला ‘लपलेली, सिस्टीमची फाइल’ असा शिक्का मारतो आणि त्याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला शॉर्टकट पुढे ठेवतो. डबल क्लिक केलं की आधी वर्म चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. त्यामुळे माणसाला काही वेगळं घडल्याचं कळतच नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा, आणि ‘सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवा’ या ओळीसमोरची खूणही काढा. फिके दिसणारे खरे फोल्डर तिथेच सापडतील. त्यांच्यावरचा शिक्का कमांडच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या अ‍ॅट्रिब (attrib) आज्ञेने निघतो. पण हे पेनड्राइव्हचं झालं. मूळ दुखणं संगणकात बसलेलं आहे, आणि पाचही संगणक एकदम साफ केल्याशिवाय ते जाणार नाही. एक साफ केला आणि चार ठेवले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा पाच.

फ्लेक्सच्या संगणकाची नेटवर्कची केबल आजच काढा. या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक जुन्या विंडोजवरच चालतात, म्हणून तिथे अजून एक्सपी किंवा सेव्हन असेल. त्याला सुधारायला जाऊ नका, बिघडेल. त्याला एकटं ठेवा आणि फाइल एकाच, ठरलेल्या, तपासलेल्या पेनड्राइव्हने न्या.

मग विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन’ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची, यादी उघडा. माझी जवळजवळ खात्री आहे की तिथे दोन-चार फोल्डर असतील, एखाद्या ठिकाणी अख्खा सी ड्राइव्ह. क्रॅक बसवताना सोबतची चिठ्ठी सांगते, आधी अँटीव्हायरस बंद करा, हा फोल्डर वगळा. आपण मुकाट्याने वगळतो. इंजिनिअर निघून जातो, यादी तशीच राहते. पुढे त्या फोल्डरात कोण येऊन राहिलं हे बघणारा पहारेकरी आपणच घरी पाठवलेला असतो. क्रॅकचं खरं नुकसान मला इथे दिसतं. पाप-पुण्याचा भाग त्यानंतर.

आता काकांचा पहिला मुद्दा, व्हायरस कंपन्याच सोडतात.

नाही सोडत. पण काकांच्या हाताशी दोन दाखले आहेत, ते प्रामाणिकपणे द्यायला हवेत. 1986 मध्ये लाहोरच्या दोन अल्वी भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तोच ओळखला जातो. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करतात, त्यांना धडा बसावा, असं त्यांचं सांगणं होतं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला. दुसरा दाखला 2005 चा. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की कॉपी रोखणारं एक सॉफ्टवेअर गुपचूप बसायचं आणि विंडोजमध्ये स्वतःला लपवायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबरअखेर ते उघडकीला आणलं. लपायची ती तयार जागा लगेच दुसऱ्या व्हायरसवाल्यांनी वापरली, आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. लक्षात घ्या, तिथे फटका बसला तो पैसे मोजून सीडी घेणाऱ्याला.

म्हणजे संशय अगदी हवेतला नाही. पण छापखान्यापर्यंत पोचणारे वर्म अशा कटातून येत नाहीत. ते येतात सॉफ्टवेअरमधल्या अशा भोकातून, ज्याची दुरुस्ती, म्हणजे पॅच, कंपनीने आधीच काढलेली असते, आणि हे वाक्य काकांना दोनदा वाचून दाखवा. 25 जानेवारी 2003 ला स्लॅमर नावाचा वर्म सुटला तो अवघ्या 376 बाइटांचा. एवढ्या जागेत युनिकोडमधल्या देवनागरीच्या धड दोन ओळी बसत नाहीत. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची लागण दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत जगातले ते भोक उघडं असलेले बहुतेक सर्व्हर त्याच्या हाती गेले. त्या भोकाचा पॅच सहा महिने आधी, जुलै 2002 मध्येच आला होता. गंमत म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या नेटवर्कलाही स्लॅमर लागला, कारण तिथेही काही सर्व्हरवर पॅच टाकायचा राहिला होता. त्यांच्याकडे काही चोरीची सीडी नव्हती! परवाना हा काही ताईत नाही. पॅच लावणं म्हणजे सुरक्षा, आणि परवान्याचा उपयोग एवढाच की पॅच लावताना हात थरथरत नाहीत.

हात थरथरणं म्हणजे काय ते सांगतो. ऑगस्ट 2003. गणपती महिनाअखेर होते, आणि माझ्याकडे एका छापखान्यातून फोन आला. मंडळाच्या पावतीपुस्तकांचं काम टेबलावर, आणि संगणक दर मिनिटाला बंद पडतोय. जाऊन पाहिलं तर पडद्यावर ती खिडकी: साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. मालक बाजूला उभे, हातात वर्गणीची जुनी पावती. ब्लास्टर नावाचा वर्म होता. शटडाउनची मोजणी थांबवायची एक आज्ञा असते, ती साठ सेकंदांत टाइप करायची, मग फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून शिरणाऱ्यांना अडवणारी भिंत, चालू करायची, मग सीडीवरून पॅच लावायचा. मी पॅचची सीडी काढली तसे मालक म्हणाले, “भिया, हे लावलं की कंपनीला कळेल ना? कॉपी डुप्लिकेट आहे.” आदल्या इंजिनिअरने त्यांना तेच सांगून अपडेट कायमचं बंद करून ठेवलं होतं. पॅच जुलैच्या मध्यालाच आला होता, ब्लास्टर 11 ऑगस्टला. जवळपास चार आठवडे हातात होते. त्यांच्या कॉपीवर तो पॅच बसला असता, आणि त्या दिवशी बसलाही. मधे आड आली ती भीती.

पण भीती कंपनीनेही घातली होती, हे मान्य करावं लागेल. एक्सपीचा एक परवाना-क्रमांक जगभर इतका फुटला होता की तो पाठ असलेली पोरं इंदूरच्या गल्लीगल्लीत होती. त्या क्रमांकावर मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक, म्हणजे पॅचांचा एकत्र गठ्ठा, बसू दिला नाही. ऑगस्ट 2004 च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल पहिल्यांदा आपोआप चालू होऊन आली, आणि नेमकी तीच या लोकांना मिळाली नाही. तेव्हा मोठा वाद झाला: चोरट्यांना पॅच द्यावा का? माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की द्यावा. आपल्याकडे कचऱ्याची गाडी मालमत्ता कर थकवणाऱ्याच्या दारातूनही कचरा उचलते, कारण वास शेजाऱ्याला येतो. मायक्रोसॉफ्टनेही पुढे ‘जेन्युइन’ तपासणी आणली तेव्हा सुरक्षेचे पॅच मात्र त्यातून वगळले. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा वर्म सुटल्यावर तर त्यांनी बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. इथे काकांना आणखी अर्धा गुण द्या, कारण वॉनाक्रायने वापरलेलं भोक कोणा पोराने शोधलेलं नव्हतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने ते स्वतःच्या वापरासाठी जपून ठेवलं होतं आणि ते त्यांच्याकडून फुटलं. तरी नेहमीच्या विंडोजसाठी पॅच दोन महिने आधी, 14 मार्चलाच आला होता. पुन्हा तेच.

मग एखादा चांगला वर्म सोडून सगळ्यांनाच पॅच का लावत नाहीत, असं एक कॉलेजातलं पोर मला दरवर्षी विचारतं. करून झालंय. ब्लास्टरनंतर आठवड्याभरातच वेल्चिया आला. तो ब्लास्टर काढायचा, पॅच उतरवायचा, संगणक पुन्हा चालू करायचा. आणि पुढचं सावज शोधताना इतकी हाकाटी करायचा की नेटवर्क त्यानेच बसली. तुमच्या घरात खिडकीतून शिरून न विचारता कुलूप दुरुस्त करणारा माणूस तुम्ही ठेवून घ्याल का? 1988 च्या मॉरिस वर्मचंही तेच. कॉर्नेलच्या त्या विद्यार्थ्याला काही उद्ध्वस्त करायचं नव्हतं, पण ‘आधीच लागण झालीय’ असं उत्तर आलं तरी सातातून एकदा पुन्हा शिरायचं, हा त्याने ठेवलेला हिशोब चुकला आणि संगणक आपल्याच कॉपींच्या ओझ्याखाली बसले. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 आणि 66 लागेल, आणि उद्देश चांगला होता म्हणून गुन्हा पुसला जाईल, या भरवशावर राहू नका.

आता पेटंट. इथे काकांचा राग खरा आहे, पण पत्ता चुकलेला आहे.

अ‍ॅमेझॉनच्या एका क्लिकच्या पेटंटची गोष्ट तशीच आहे जशी काका सांगतात. सप्टेंबर 1999 मध्ये ते अमेरिकेत मिळालं. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं आहे, तर एकच बटण दाबून ऑर्डर व्हावी, एवढीच कल्पना. महिन्याभरात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा ठोकला, डिसेंबरात, ऐन नाताळाच्या खरेदीत, मनाई मिळवली, आणि त्या बिचाऱ्यांना आपल्या गिऱ्हाइकाकडून मुद्दाम एक जादा क्लिक करून घ्यावं लागलं. 2001 मध्ये वरच्या कोर्टाने ती मनाई उठवली, पुढे तडजोड झाली. युरोपने हे पेटंट दिलंच नाही. अमेरिकेत मात्र ते 2017 पर्यंत जगलं. ब्रिटिश टेलिकॉमने तर वेबवरची लिंक हीच आपली म्हणून दावा लावला होता. 2002 मध्ये हरले.

पण यातलं काहीही काकांच्या छापखान्याच्या उंबऱ्यापाशीसुद्धा आलेलं नाही. काका जे करतात तो पेटंटचा प्रश्न नाही, तो कॉपीराइटचा आहे. पुतण्यांनी एवढा एक फरक काकांना समजावला तरी निम्मा वाद मिटेल. लग्नपत्रिका हातात आली की लगेच कळेल असा तो आहे. पत्रिकेवरची तुमची मांडणी, तुमचा गणपती, तुमचा मजकूर कोणी जसाच्या तसा उचलला तर तो कॉपीराइटचा भंग. पण ‘पत्रिकेला मधोमध घडी घालून आत कार्यक्रम छापायचा’ ही पद्धतच माझी, दुसऱ्या कोणी घडी घालायची नाही, असं म्हणणं म्हणजे पेटंट. पहिलं मागणं रास्त वाटतं. दुसऱ्यावर आपण हसतो, आणि एका क्लिकवर जग असंच हसलं. (तुमचं डिझाइन कोणी चोरलं तर कसं वाटेल, हा नेहमीचा प्रश्न मात्र काकांना विचारू नका. इंदूरात लग्नपत्रिकेचं डिझाइन कोणी कोणाचं घेतलं याचा हिशोब मांडायला बसलात तर पुढचा सीझन त्यातच जाईल.)

पेटंटने छापखान्याच्या जवळून जाणारी गोष्ट एकच आठवते. चित्राची टिफ फाइल सेव्ह करताना कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइल आकसवण्याच्या, यादीत ‘एलझेडडब्ल्यू’ असा पर्याय दिसतो, काका रोज दाबत असतील. ही रीत 1984 मध्ये टेरी वेल्चने छापून प्रसिद्ध केली, लोकांनी ती मोकळी समजून वापरली, कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेच्या कंपनीने 1987 मध्ये तिच्यावर जिफ हा चित्रांच्या फाइलींचा प्रकार बांधला. आणि 1994 च्या डिसेंबरअखेर युनिसिस ही संगणक कंपनी म्हणाली, पेटंट आमच्याकडे आहे, जिफची सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी पैसे द्या. वर्षानुवर्षं शांत बसून, सगळ्यांना सवय लागल्यावर. लोक चिडले, पण चिडून काय केलं ते बघा: काही महिन्यांत नवीन, पेटंटमुक्त पीएनजी उभं केलं. आज काका वेबवरून जे पारदर्शक पार्श्वभूमीचे लोगो उतरवतात ते त्या रागाचं फळ आहे. युनिसिसचं अमेरिकेतलं पेटंट जून 2003 मध्ये संपलं.

आणि आपल्या देशाने या बाबतीत बरीच शहाणी भूमिका घेतली आहे. पेटंट कायद्याचं कलम 3(के) सांगतं की गणिती किंवा व्यापारी पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. डिसेंबर 2004 मध्ये अध्यादेश काढून हे दार किलकिलं करायचा प्रयत्न झाला. 2005 च्या दुरुस्तीत संसदेने तो भाग गाळला. ‘निव्वळ’ या एका शब्दावर वकील अजून भांडतात. पेटंट कार्यालयाने 2016 मध्ये नवीन हार्डवेअर हवंच असं सांगितलं आणि 2017 मध्ये ती अट काढली. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ सॉफ्टवेअर आहे म्हणून अर्ज फेटाळू नका. मला हे थोडं सैल वाटतं, पण एका क्लिकपर्यंत घसरलेलं नाही.

वाईट पेटंट पाडायची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि 1953 चा एक छापील लेख पुढे ठेवून 1997 मध्ये ते रद्द करवलं. आजी लावायची हे सांगून भागलं नाही, कागद दाखवावा लागला. सॉफ्टवेअरच्या पेटंटलाही तोच उपाय: हे आधी होतं याचा तारखेसह पुरावा. आपल्याकडे तर पेटंट मिळण्याआधीच कोणालाही हरकत घेता येते. क्रॅक बसवून मात्र कुठलंही पेटंट आजवर पडलेलं नाही.

काकांना खरं झोंबेल ते हे. 1998 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बिल गेट्सनी चीनबद्दल बोलताना उघड सांगितलं होतं की ते चोरणारच असतील तर आमचंच चोरावं. सवय लागेल, मग वसुली कशी करायची ते पुढे पाहू. हेच गेट्स 1976 मध्ये हौशी लोकांना पत्र लिहून चोरीबद्दल रागावले होते. म्हणजे काका तीस वर्षं क्रॅक वापरून कंपनीला अद्दल घडवत नव्हते, तिची सवय लावून घेत होते. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स आणि डिझाइनची इंकस्केप, स्क्रायबस ही सॉफ्टवेअर फुकट असूनही इंदूरच्या छापखान्यांत शिरू शकले नाहीत, कारण महागडं सॉफ्टवेअर आधीच ‘फुकट’ होतं. माझाही त्यात वाटा आहे. पहिली काही वर्षं मी स्वतः अशाच सीड्या बसवून पोट भरलं, त्यामुळे काकांना चोर म्हणायला मी जाणार नाही. कायदा जाईल: कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी नुसार चोरीची प्रत माहीत असून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड आहे. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. छापखाना तर धंदाच आहे.

विकत किती घ्यायचं? काकांना वाटतं त्याहून कमी. ब्रँडेड संगणक असेल आणि 2012 नंतरचा असेल तर विंडोजचा परवाना बहुधा त्याच्या मदरबोर्डमध्येच आहे, पैसे तेव्हाच भरलेले. कोणीतरी फॉरमॅट करून वर क्रॅक केलेलं ‘प्रो’ घातलं, एवढंच. डब्याबरोबर आलेलंच, म्हणजे बहुतेक ‘होम’, पुन्हा टाका, ते स्वतःच चालू होतं. विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा जमेल तिथे 11. डिझाइनचं सॉफ्टवेअर पाचही संगणकांवर लागत नाही. जिथे माणूस खरोखर डिझाइन करतो त्या एक-दोन ठिकाणी विकत घ्या. बिलं, ईमेल, गिऱ्हाइकाच्या फाइली बघणं यासाठी एका जुन्या संगणकावर लिनक्स टाका आणि बाहेरचा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथेच लावा. विंडोजचे शॉर्टकट तिथे नुसते मेलेल्या फाइली म्हणून पडलेले दिसतात. स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरं आता नीट येतात, पण युनिकोडमध्ये. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधलं काम त्यात तसंच्या तसं उघडणार नाही, म्हणून जुनी कामं जुन्या ठिकाणीच राहू द्या, नवीन तेवढी इकडे आणा.

आणि साफसफाईच्या आधी बॅकअप घ्या, तो घेतल्यावर दहा-बारा फाइली उघडून बघा. एका ठिकाणी मला अभिमानाने दोन हार्ड डिस्क दाखवल्या होत्या, सगळ्या मंडळांची, सगळ्या वर्षांची नावं ओळीने. एकेका फोल्डरचा आकार पाहिला तर दोन केबी. सगळे शॉर्टकटच कॉपी झाले होते.